गाळलेली ओळ

कुंडलिक इंटरच्या परीक्षेत इंग्रजीत सहा गुणांनी राहिला, तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त चिडलो. गुंजवण्यासारख्या आडबाजूच्या गावातून मॅट्रिक होऊन पुण्याच्या कॉलेजात गेलेला तो पहिलाच मुलगा, आणि मॅट्रिकपर्यंत भोरच्या शाळेत त्याला इंग्रजी शिकवलं होतं मी. लोक तोंडावर काही म्हणत नसत, पण बाजारात भेटले की "काय मास्तर, तुमचा कुंडलिक राहिला म्हणे?" असं हळूच विचारत. असल्या चौकशीची मला भारी चीड. पुढची परीक्षा तीन महिन्यांवर आली तेव्हा मी निरोप धाडून त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "पुन्हा बसायचं. परीक्षेपर्यंत माझ्या घरी राहायचं, आणि मी सांगेन तेवढंच करायचं." एकोणीसशे एक्केचाळीस सालच्या जानेवारीतली ही गोष्ट.

त्याची गाडी अडत होती ती उताऱ्यापाशी. परीक्षेत एक कधी न वाचलेला इंग्रजी उतारा देतात, खाली पाच-सहा प्रश्न असतात. उतारा वाचायचा आणि त्यात जे सांगितलंय त्यावरून उत्तरं लिहायची, बस्स. व्याकरण नको, पाठांतर नको. आळशी मुलांनासुद्धा इथे चार गुण मिळून जातात. कुंडलिक आळशी नव्हता. त्याची खोड निराळी होती. उताऱ्यात जे नाही तेच तो लिहून यायचा.

कचेरीच्या रद्दीतून मी जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं मिळवली होती. त्यातला एक तुकडा रोज सकाळी त्याच्यापुढे टाकायचो. एकदा तुकडा निघाला एका विलायती शेतकऱ्याचा. त्याची दुभती गाय धुक्यात हरवते आणि गळ्यातल्या घंटेच्या आवाजावरून सापडते. मी प्रश्न घातला, गाय परत कशी आली? कुंडलिकनं घंटेचं लिहिलं, आणि पुढे लिहिलं की घरी वासरू हंबरत होतं म्हणून ती घराच्या दिशेनं वळली.

"वासरू कुठून आणलंस?" मी विचारलं.

"असणारच की, मास्तर. दुभती म्हणून लिवलंय ना वर?"

"उताऱ्यात वासरू नाही!"

"उताऱ्यात न्हाई, पण गोठ्यात असंल."

माझी बायको कमळा स्वयंपाकघरात खुदकन हसली. मी दोघांवरही खेकसलो आणि त्या उत्तराला शून्य दिलं. आज मनाशी कबूल करतो की त्याचं वाचन माझ्यापेक्षा खोल होतं. पण तपासनीस खोली मोजत नाही, तो छापील उत्तराशी ताडून बघतो, आणि मीही तपासनीसच होऊन बसलो होतो. "डोळ्यांपुढे आहे तेवढंच वाच," हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत त्याला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे.

त्याच्या घरून पंधरा दिवसांनी एक कार्ड यायचं. वडील रखमाजी आणि आई सगुणाबाई, दोघंही निरक्षर. रखमाजी सांगायचा आणि गावातल्या शाळेचे सावळाराम मास्तर लिहायचे. सगळी कार्डं एका साच्यातली. चिरंजीव कुंडलिक यास आशीर्वाद, इकडील सर्व मंडळी खुशाल, तुझी खुशाली कळवीत जावी. शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांची हजेरी असायची: वडिलांचा आशीर्वाद, आत्या अंबूबाईचा आशीर्वाद, आईचा आशीर्वाद. आईच्या आशीर्वादाला मात्र नेहमी एक शेपूट असे. पोटभर जेवत जाणे. उन्हात डोक्यास काही बांधणे. मास्तरांच्या बाईंस त्रास न देणे. कुंडलिक ते शेपूट कमळेला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि दोघं हसायची.

परीक्षेला पंधरा दिवस उरले होते तेव्हाचं कार्ड त्यानं वाचून दाखवलं नाही. पुस्तक मांडीवर घेऊन तो नुसताच बसला होता. मी विचारलं, तर म्हणाला, "मास्तर, दोन दिवस गावी जाऊन येऊ का?"

मला वाटलं, झालं, गेल्या वर्षीचीच पुनरावृत्ती. गेल्या वर्षी परीक्षेच्या ऐन तोंडावर हा चुलत्याच्या घरच्या लग्नाला गेला, तिथून ताप घेऊन आला आणि तापातच पेपर दिला. मी आवाज चढवून विचारलं, "कशाला?"

"यात आईचा आशीर्वाद न्हाई."

मी कार्ड घेतलं. सर्व मंडळी खुशाल. पीकपाणी, गुरंढोरं, सगळं जागच्या जागी. वडिलांचा आशीर्वाद, आत्याचा आशीर्वाद, कळावे. आईची ओळ खरंच नव्हती.

"जागा पुरली नसेल."

"खाली दोन बोटं जागा हाय, मास्तर."

"सावळाराम विसरले असतील. माणूस आहे."

"ते इसरले तरी आई इसरायची न्हाई. ती शेजारी बसून लिवून घेती. काय तरी झालंय तिला."

कमळा दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "अहो, जाऊन येऊ दे की. एक दिवस जायला, एक दिवस यायला. जीव तरी ठिकाणावर राहील त्याचा."

तिचं मी ऐकायला हवं होतं. पण मी मास्तर. मला तिथे धडा दिसला. दोन महिने घोकून घेऊनही हा पठ्ठ्या नसलेलं वाचतोच आहे, असं वाटून माझं डोकं फिरलं. मी ते कार्ड त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "हा आजचा उतारा. मी प्रश्न विचारतो, इंग्रजीत उत्तरं लिही. पहिला, घरची मंडळी कशी आहेत?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"लिही!"

त्यानं लिहिलं. खुशाल आहेत.

"दुसरा. आई आजारी असल्याचा उल्लेख कुठल्या ओळीत आहे?"

कुठल्याच नाही, असं त्यानं लिहिलं.

"तिसरा. तुला घरी बोलावलं आहे काय?"

त्यानं कार्ड एकदा उलटून पालटून बघितलं. मग लिहिलं, नाही. कागदावर टपकन एक थेंब पडला, तो त्यानं बाहीनं टिपला. मी तीनही उत्तरांवर बरोबरच्या खुणा केल्या. मी त्याला पैकीच्या पैकी गुण पहिल्यांदा दिले ते त्या दिवशी. "हे असं वाचायचं," मी म्हणालो. "परीक्षा झाली की सरळ गावी जा आणि महिनाभर आईजवळ राहा, मी एका शब्दानं अडवणार नाही." तो "बरं" म्हणाला. माझा शब्द मोडायचा नाही, असंच त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं. कमळा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतर घरून कार्ड आलं नाही. मी म्हटलं, परीक्षा जवळ आली म्हणून लिहिलं नसेल. कुंडलिक मुकाट्यानं उतारे सोडवायचा, आणि आता बरोबर सोडवायचा. वासरं नाहीत, काही नाही. मी खूश होतो. एप्रिलमध्ये तो पुण्याला गेला, परीक्षा दिली आणि ठरल्याप्रमाणे तिकडून परस्पर गुंजवण्याला गेला. नंतर त्याची एक ओळ आली नाही. पास होण्याआधीच मास्तरला विसरला, असं मी कमळेला दोन-तीनदा टोचून बोललो.

मे महिना संपत आला तेव्हा निकाल लागला. वर्तमानपत्रात त्याचा नंबर बघितला आणि मला घरात बसवेना. कागद खिशात घातला, कमळेनं करंज्यांचा डबा बांधून दिला, तो पिशवीत टाकला आणि पहाटेच चालत निघालो. डोंगर ओलांडून गुंजवण्याला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजून वावरं काळी पडली होती आणि त्यांत माणसं ढेकळं फोडत होती. त्यातल्या एका माणसानं मला बघून कुदळ खाली ठेवली. डोक्यावर बोटभर वाढलेले केस. जवळ आला तेव्हा ओळखलं, कुंडलिक.

"पास झालास!" मी लांबूनच ओरडलो. आणि मग ते केस मुंडणानंतर वाढलेले आहेत, हे माझ्या ध्यानात आलं.

तो वाकून पाया पडला. "आई गेली, मास्तर," म्हणाला. "मी पुण्यास निघायच्या दोन दिवस आधी. मला इथं आल्यावर कळलं."

तो मला घरी घेऊन गेला. ओट्यावर रखमाजी बसला होता. मला बघून उठायला लागला, मी त्याला खाली बसवलं. अंबूबाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला. पास झाल्याचं कळल्यावर रखमाजीनं मान हलवली आणि म्हणाला, "तुमचे उपकार, मास्तर." ते शब्द मला ऐकवेनात.

मी विचारलं, काय झालं होतं.

"पोटात दुकायचं तिच्या. फागणापासनं अन्न जाईना. वैद्यानं हात टेकलं. म्याच म्हणलं, पोराला कळवायचं न्हाई. मागल्या साली आमच्यापायीच त्याचं वरीस गेलं. सावळाराम मास्तरला सांगितलं, लिवा सगळी खुशाल. तिनं काय हरकत घेतली न्हाई. शेवटाला मास्तरनं इचारलं, सगुणाबाई, तुमचा आशीर्वाद लिवू ना? तर म्हणाली, नगं. माजा गाळा."

"रागावल्या असतील," मी म्हणालो. माझ्याच कानांना माझा आवाज खोटा वाटला.

"म्यापण तसंच समजलो. पण रातच्याला हिला सांगितलं तिनं." त्यानं अंबूबाईकडे हात केला.

अंबूबाई खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मला म्हणाली, वन्सं, आजवर माज्या आशीर्वादाबिगर एक कागद गेला न्हाई. माजं पोरगं शिकलेलं हाय. त्याला बरुबर कळंल. चवथ्या दिशी येतोय बगा. मग तिनं बाज हितं ओट्यावर आणाया लावली, वाट दिसंल अशी. अकरा दिस हितंच पडून हुती. कुणीबी खिंडीतनं उतरलं की मान उचलायची."

कुंडलिक ओट्याखाली पाठमोरा उभा होता. बैलाच्या कासऱ्याची गाठ सोडायचा, पुन्हा बांधायचा.

"शेवटल्या दिशी काय म्हणाली?" रखमाजी बोलू लागला. "म्हणाली, त्याला न्हाई कळलं. इंग्रजी लई झालं त्याला, माजं तेवढं वाचायचं राहून गेलं. त्याला कुणी बोलू नका. म्हणून आमी काय बोललो न्हाई. पर म्या इचारलं त्याला, आल्यावर. बाबा, तुज्या ध्यानात कसं आलं न्हाई? तर म्हणाला, माजं लक्षच गेलं न्हाई तिकडं." रखमाजीनं पंच्यानं डोळे पुसले. "शिकला, मास्तर. पण आईच्या बाबतीत अडाणी निघाला."

मी कुंडलिककडे बघितलं. त्यानं वळून मला मानेनंच नको म्हणून खुणावलं. मला वाचवण्यासाठी बापाचा तो बोल त्यानं दीड महिना स्वतःवर घेतला होता, आणि पुढेही घेणार होता. मला क्षणभर गप्प बसावंसं वाटलं, हेही सांगून टाकतो. डबा द्यावा, उजेड आहे तोवर उठावं आणि डोंगर चढायला लागावं, असा विचार माझ्या मनात आला. मी तो विचार केला, याची मला आजही लाज वाटते.

"त्याचं लक्ष गेलं होतं," मी म्हणालो. "कार्ड हातात पडलं तेव्हाच गेलं होतं. आईला काहीतरी झालंय, मला जाऊ द्या, असं म्हणत होता तो. रडला माझ्यापुढे. मी जाऊ दिलं नाही. पत्रात तसं कुठं लिहिलंय ते दाखव, म्हणालो. दोष त्याचा नाही, माझा आहे."

अंबूबाईनं पदर तोंडाला लावला. रखमाजी मला शिव्या देईल, घालवून देईल, असं मला वाटत होतं, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठला, ओटा उतरून कुंडलिकपाशी गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुंडलिक तिथंच खाली बसला आणि एवढ्या दिवसांचं सगळं एकदम रडला. बापही त्याच्याजवळ मातीत बसला.

मग रखमाजीनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता.

"बरं झालं सांगितलंत, मास्तर," तो म्हणाला. "मला कळलं, हिला कळलं. पर आता तिला कोन सांगनार, त्याला कळलं हुतं म्हणून?"