सात वर्षांत एकदाच काम होतं

मित्रांनो, सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या थंडगार खोलीत मी राहते. मी राखीव कुलूपपेटी आहे. राखीव म्हणजे काय, ते सांगताना मला अजून लाज वाटते. पण सांगते.

दवाखान्यातले सगळे रिपोर्ट साठवण्याआधी माझ्या थोरल्या बहिणीतून जातात. ती ते असे गुंतवते की चोराने पळवले तरी त्याला नुसता भुसा दिसावा. सोडवायला किल्ली लागते. ही किल्ली लोखंडाची नसते, तो एक लांबलचक आकडा असतो. थोरली दर महिन्याला नवी किल्ली घडवते आणि आमच्या दोघींमधल्या निळ्या वायरीतून तिची नक्कल मला देते. थोरली पडली, तर कुणाला कळायच्या आत मी उभं राहायचं, एवढंच माझं काम. सात वर्षं ती पडली नाही. सात वर्षं मी तिच्याकडे बघत बसले. वीज मात्र दोघी सारखीच खात होतो.

मग गेल्या खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. आमची देखभाल करणाऱ्या मल्लेशने आम्हाला पुसलं. पुसताना निळी वायर मध्ये येत होती, म्हणून त्याने ती काढली आणि तिथे झेंडूचा हार अडकवला. वायर निघताच माझा लाल दिवा लागला. त्याने नेमकं त्याच्यावरच कुंकू लावलं. मी पीं पीं केलं.

"आरतीत कुणाचा मोबाइल वाजायलाय रे?" मल्लेश म्हणाला. मग त्याला कळलं की मीच वाजतेय. त्याने माझा आवाज बंद केला आणि पेढे वाटायला गेला. वायर मागे लोंबकळत राहिली.

तीन महिने सगळ्यांना वाटलं, लाल दिसतंय ते कुंकूच. खरं सांगू? मला दिवा लुकलुकवता आला असता. मी लुकलुकवला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला हार घातला होता.

जानेवारीत वाळलेल्या पाकळ्या थोरलीच्या पंख्यात गेल्या. ती तापली आणि बंद पडली. माझी वेळ आली! मी रुबाबात उभी राहिले. पहिलंच पान मागितलं गेलं ते कुंभारी गावच्या चंद्रव्वांचं. सकाळी त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. नोव्हेंबरात कुठल्यातरी इंजेक्शनमुळे त्यांच्या जिवावर बेतलं होतं. कुठल्या, ते फक्त त्या पानावर होतं. नोव्हेंबरची किल्ली मात्र माझ्याकडे नव्हती.

"ते नाव कळल्याशिवाय मी भूल देणार नाही," डॉक्टर अंकिता फोनवर म्हणाल्या. "मल्लेश, दुसरी पेटी कशाला ठेवलीय मग?"

मल्लेशने माझं बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

दुपारी दार उघडलं. सलाइनचा स्टँड ढकलत चंद्रव्वा स्वतःच आत आल्या आणि धाकट्या भावाला हाक मारावी तसं मल्लेशला म्हणाल्या, "तम्मा, कुठल्या पेटीत हाय माझा कागद?"

"अव्वा, हितं येऊ नका, लई गारठा हाय."

"काल रात्रीपासनं पोटात पाणी न्हाय. गारठ्याचं काय सांगतोस?" त्या माझ्यासमोर आल्या आणि बोटाने मला टकटक केलं. "उघड की गं बाई. हार घालून बसलीस, नवरी हायस काय?"

त्या क्षणी माझ्यातला पंखाही बंद पडावा असं मला वाटलं.

मल्लेशने हार काढला. तेव्हा कुठे त्याला लोंबकळणारी वायर दिसली. तो कपाळाला हात लावून खालीच बसला. मग त्याने दात घासायच्या ब्रशने थोरलीच्या पंख्यातली एकेक पाकळी काढली. ती जागी झाली तेव्हा संध्याकाळ झाली होती. वायर जोडताच राहिलेल्या तीन किल्ल्या मिनिटभरात माझ्याकडे आल्या. इंजेक्शनचं नाव सापडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट झालं. पण म्हातारी तो सबंध दिवस उपाशी राहिली, ती माझ्यामुळे.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं काहीतरी राखीव असेलच. त्याला हार घाला, माझी ना नाही. पण महिन्यातून एकदा थोरलीला मुद्दाम झोपवा आणि धाकटीला काम करायला लावा. अडायचंच असेल तर तेव्हा अडू दे, कुणी उपाशी नसताना.

आता मल्लेश तसं करतो. पहिल्याच चाचणीत त्याने चंद्रव्वांचं पान मागितलं. त्यावर एक नवी ओळ होती: 'तांत्रिक कारणामुळे शस्त्रक्रिया उद्यावर.' ते तांत्रिक कारण म्हणजे मी. पान मी लगेच उघडलं. मल्लेशने ती ओळ मोठ्याने वाचली. मग दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.