कोकियाची सही आणि मी

मी एक जुने भिंग आहे, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. मित्रांनो, हे ऐकून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. ज्याचे सारे आयुष्य खोट शोधण्यात गेले, त्याने गोड कसे बोलावे? माझ्या पितळी कड्याखाली एखादे अक्षर आले, की मी आधी विचारतो, "तू खरे कशावरून?"

मला कोणी घडवले ते मला ठाऊक नाही. काच कुठली, पितळ कुठले, काळी लाकडी मूठ कोणी बसवली, याबद्दल दुकानदार दर गिऱ्हाइकाला निराळे सांगे. म्हणून मी त्याचेही खरे मानले नाही. पुसदच्या एका स्टेशनरीच्या दुकानात कंपासपेट्यांच्या शेजारी मी दोन वर्षे पडून होतो. मग एक दिवस विठ्ठलराव आले. ते आर्णीच्या एका बँकेत हेडक्लार्क होते. त्यांनी मला उचलले, माझ्यातून दुकानदाराचे बिल वाचले, त्यात एक चूक काढली आणि मगच मला घेतले. जोडी जमली असे मला तेव्हाच वाटले.

बँकेत कागद आला, की विठ्ठलराव खातेदाराच्या नमुना सहीचे कार्ड काढत, दोन्ही सह्या शेजारी ठेवत आणि मला त्यांच्यावरून सावकाश फिरवत. समोर कोण उभे आहे हे ते पाहत नसत. सरपंच असो की सोयरा, मान वर होत नसे. "तोंड पाहून सही पास करणारा एक दिवस तोंडघशी पडतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. एकदा आम्ही दोघांनी एक खोटी सही पकडली. तेव्हा शाखेच्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर उंच धरले होते. त्या दिवसाचा अभिमान मला अजून आहे, लपवत नाही. चहात तरंगते ती साय की माशीचा पंख, हेही विठ्ठलराव माझ्यातूनच पाहत.

पुढे सह्या संगणकाच्या पडद्यावर मोठ्या होऊन दिसू लागल्या. मी टेबलावरून खणात गेलो, शिक्क्यांच्या वाळलेल्या गादीशेजारी. विठ्ठलराव निवृत्त झाले, जाताना मला विसरले. शाखाही मोठ्या रस्त्यावर नव्या गाळ्यात गेली. त्या रिकाम्या इमारतीत पाली, मी आणि एक मोडका पंखा एवढेच उरलो. सात वर्षे कुणी काच पुसली नाही. मित्रांनो, धुळीत पडले की संशय कमी होत नाही, उलट वाढतो.

मग पाच वर्षांपूर्वी दार उघडले. रंगारी आले, सुतार आले. आमच्या बँकेने तिथे कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण केंद्र काढायचे ठरवले होते. आधी चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक फळा एवढाच कारभार होता. मग सरावासाठी लाकडी काउंटर झाला, मागच्या खोलीत संगणक बसले, वर एक मजला चढला आणि लांबून येणाऱ्यांची राहायची सोय झाली. घाटंजी, पुसद, कुठून कुठून नवी पोरे-पोरी शिकायला येऊ लागली.

मला मात्र पहिल्या दिवसापासून इथे कुठेतरी पाणी मुरतेय असे वाटे. विचार करा. काउंटर खरा दिसतो, पण पलीकडे बँक नाही. चेकवर 'नमुना' असा शिक्का. गिऱ्हाईक म्हणजे शिकायला आलेलाच कोणी. इथे सगळेच खोटे, आणि तेही राजरोस! माझ्यासारख्याने करायचे तरी काय?

केंद्राच्या प्रमुखांनी सह्या तपासायचा तास घ्यायला विठ्ठलरावांनाच बोलावले. खणात मी सापडलो तेव्हा त्यांचे डोळे भरले. तरी त्यांनी मला आधी उलटसुलट करून पाहिले, मीच तो का याची खात्री करायला. मला ते आवडले.

आता कोकिळाबाईंबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरी त्यांची आहे. त्या जुन्या शाखेपासून रोजंदारीवर होत्या. झाडणे, पाणी भरणे, कागद इकडून तिकडे नेणे, ही कामे त्या एकूण सोळा वर्षे करत आल्या. केंद्र सुरू झाल्यावर त्या इथे आल्या. रोज सकाळी त्या मला पदराने पुसत. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. ही बाई मला एवढे का पुसते? हिला काय लपवायचे आहे?

त्यात त्यांना एक निराळेच काम मिळाले. सरावाच्या तासाला विठ्ठलराव त्यांना लबाड गिऱ्हाईक करत. दुसऱ्या कुणाच्या सहीची नक्कल करून त्या काउंटरवर येत आणि असा काही आवाज चढवत, की नवी पोरे घाबरून जात. "सही माहीच हाय! तुमाले दिसत नसन तं चष्मा लावा!" घाटंजीच्या निकिताने तर पहिल्याच दिवशी खोटी सही पास केली. मग तिने कपाळाला हात लावला. "काकू, मले खरंच वाटलं वो!" सगळे हसले. मी हसलो नाही. या बाईंना दुसऱ्याची सही जमते, एवढे मी ध्यानात ठेवले.

केंद्राच्या दुसऱ्या वर्षी असेच एकदा वर्गात मोठा हशा झाला होता. मी तेव्हा खणात होतो. फळ्यावर खडू करकरला, विठ्ठलराव दोन-तीनदा "ळ, ळ" असे म्हणाले, आणि पोरे खो-खो हसली. आपल्यावरच हसत असणार, असा संशय घेऊन मी गप्प पडून राहिलो. तो हशा कशाचा होता, ते मला कळायला तीन वर्षे लागली.

गेल्या डिसेंबरात बातमी आली, की केंद्रासाठी शिपायाची एक कायम जागा मंजूर झाली आहे आणि ती कोकिळाबाईंना मिळणार. पगार ठरलेला, म्हातारपणी पेन्शन. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. कागद तपासायला मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. त्यांनी सोळा वर्षांपूर्वीचा रुजू होतानाचा अर्ज काढला, आजचा हजेरीपट शेजारी ठेवला आणि भुवया वर नेल्या.

अर्जावर सही होती 'कोकिया'. हजेरीपटावर होती 'कोकिळा'.

"ही दुसरीच बाई दिसते," साहेब म्हणाले. मागे एका शाखेत थोरली जाऊ बाळंतपणाला गेली आणि तिच्या नावावर धाकटी तीन वर्षे राबली, असा प्रकार त्यांनी पाहिला होता. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यातच त्यांना कुणीतरी सांगितले, की ही बाई सह्यांच्या नकला करण्यात पटाईत आहे. मग काय विचारता! साहेबांनी विठ्ठलरावांना बोलावले. "यात तुमचा हातखंडा आहे. तुम्ही म्हणाल ते मी लिहीन. जुळली तर जागा, नाही तर उद्यापासून यायचं नाही."

वर्गातली पोरे दाराशी गोळा झाली. कोकिळाबाई भिंतीशी उभ्या होत्या, पदर बोटाला गुंडाळत. विठ्ठलरावांनी मला उचलले. नेहमीप्रमाणे त्यांनी मान वर केली नाही. मला अर्जावर धरले, मग हजेरीपटावर, मग पुन्हा अर्जावर.

"जुळत नाही," ते म्हणाले.

खोटे कशाला बोलू? माझेही तेच मत होते. शेवटची अक्षरे पार वेगळी होती. मला मनातून थोडे बरेही वाटले, की बघा, मी म्हणतच होतो.

"बाई, इथं सही करा. माझ्या डोळ्यांसमोर," साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला.

कोकिळाबाईंनी पेन घेतले. टोक कागदावर टेकवले आणि तशाच थांबल्या. मग त्यांनी विठ्ठलरावांकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, "कोनती लिहू, सर? माही का तुमची?"

"माझी? म्हणजे?"

"तीन वर्सापयले तुमीच तं म्हनलं होतं, कोकिया नाय, कोकिळा लिहाव. माह्या तोंडात तं ते अक्षर बसतच नाय. आमी डोयाच म्हनतो, शायाच म्हनतो. नाव बी कोकियाच. तुमी फयावर काढून दाखवलं, पोट्टे हासले, मंग म्या घरी बसून गिरवलं." त्यांच्या बोलीत 'ळ' चा 'य' होतो; वर्गातला तो हशा त्याचाच होता, हे मला आत्ता कळले.

"मग एवढा वेळ बोलली काहून नाहीस?" विठ्ठलरावांनी विचारले.

"तुमच्या पोट्ट्याइसमोर तुमची चूक कशी काढू?"

 निकिताने लगेच पाय उचलला. तिने आतल्या कपाटातून तीन वर्षांपूर्वीचा हजेरीपट आणला आणि पाने उलटत टेबलावर ठेवला. एका पानावर 'कोकिया' अशी सही होती. त्यातला 'या' लाल शाईने खोडलेला होता आणि वर डौलात 'ळा' लिहिलेला होता. दुसऱ्या दिवसापासून 'कोकिळा' सुरू होत होते, पहिले काही दिवस थरथरते, मग सरळ.

विठ्ठलरावांनी मला त्या लाल अक्षरावर धरले. मी ते अक्षर ओळखले आणि त्यांनीही ओळखले. हजारो लोकांची अक्षरे आम्ही तपासली होती, पण स्वतःचे अक्षर माझ्याखाली धरायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ मी किती मोठे करून दाखवले! हे मुसळ मात्र आम्हा दोघांनाही दिसले नव्हते. मला लाज वाटली. रोज पुसणाऱ्या हातावर मी वर्षानुवर्षे संशय घेतला होता.

"दोन्ही लिहा," विठ्ठलराव म्हणाले. "एकाखाली एक."

कोकिळाबाईंनी लिहिल्या. मी पुन्हा फिरलो, आणि या वेळी शेवटचे अक्षर सोडून पहिले पाहिले. 'क' ची उभी रेघ आधी, मग पोट, मग पेन टेकल्याचा एक बारीक ठिपका. सोळा वर्षांपूर्वीच्या अर्जावर तोच ठिपका, आजही तोच. तो ठिपका सगळीकडे होता. आम्हीच पाहिला नव्हता.

"हात एकच आहे," विठ्ठलराव पोरांकडे वळून मोठ्याने म्हणाले. "चूक या बाईंची नाही, माझी आहे. यांचं नाव मी खोडलं, आणि खोडल्याचं विसरूनही गेलो." तसे त्यांनी लिहून दिले आणि खाली सही केली. साहेबांनी मला त्यांच्या हातातून घेतले आणि त्यांची ती सही लाल 'ळा' च्या शेजारी धरून चांगली दोन मिनिटे तपासली. विठ्ठलराव तेवढा वेळ घाम पुसत उभे होते. मग साहेबांनी अहवालावर लिहिले, सही जुळते.

मित्रांनो, मी अजूनही संशयीच आहे. तो माझा धंदा आहे, आणि बँकेत तो असायलाच हवा. पण भिंग उचलण्याआधी समोरच्या माणसाला एकदा तोंडाने विचारा. मला त्याच्या अक्षराचा ठिपका दिसतो, पण त्याची हकीकत त्यालाच ठाऊक असते. आणि माझी काच पुसत चला. धुळीच्या काचेतून प्रत्येक जण डागाळलेलाच दिसतो.

परवा नेमणुकीचा कागद आला. पोहोच म्हणून त्यावर सही करायची होती. कोकिळाबाईंनी पेन हातात घेऊन सवयीने विठ्ठलरावांकडे पाहिले. विठ्ठलरावांनी मला खणात ठेवले, खण बंद केला आणि म्हणाले, "तुमचीच लिहा, कोकियाबाई."