परतीचं दार

“पडदा तुम्हीच बंद केलाय. खरं काय ते सांगा.”

बाईचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच वायरताईंना तो जास्त लागला. बाई कालच सिझेरियन झालेली, उठायची परवानगी नाही. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ रस्त्यापलीकडच्या इमारतीत, काचेच्या पेटीत. तिथे मोबाइलला सक्त मनाई. अशा आयांसाठीच प्रत्येक पेटीवर कॅमेरा होता आणि त्याचं चित्र इकडे आईच्या खाटेसमोर, डॉक्टरांच्या खोलीत आणि सिस्टरच्या टेबलावर एकदमच दिसायचं. काल संध्याकाळपासून हे सगळे पडदे काळे होते.

“अगं, आत्ता बघून आलो मी. हात हलवतोय,” नवरा म्हणाला.

“मागच्या बाळाच्या वेळीही तू हेच सांगितलंस. तेव्हा तो जाऊन दुपार उलटली होती.”

सिस्टरने वायरताईंना दाराबाहेर नेलं. “पाण्याचा घोट घेत नाहीये. गोळी दिली तर थुंकून टाकते. ताप चढतोय, ताई. काहीही करा, पण चित्र आणा.”

हॉस्पिटलात सगळे त्यांना वायरताईच म्हणत. खरं नाव बँकेला तेवढं ठाऊक असावं. नेटवर्क सांभाळता सांभाळता केस पिकले, पण एक शिरस्ता त्यांनी मोडला नव्हता. काम झालं की स्वतः जिने चढून पडदा बघून यायचं, मगच डबा उघडायचा. आणि मोडला तो नेमका काल. दोन्ही इमारतींमध्ये नवी, वेगवान केबल जोडली, इकडच्या राउटरने तिकडच्याला हाक मारली, ओ आली. लिफ्ट बंद, गुडघा सुजलेला. “झालं,” असं म्हणून वायरताई सरळ घरी गेल्या.

तळमजल्यावरच्या यंत्रांच्या खोलीत त्यांचे साहेब वाट बघत होते. “फोन चालू, रिपोर्ट चालू. म्हणजे नेटवर्क ठीक आहे. पडद्यांच्या कंपनीला कळवू, उद्या येतील.”

“उद्या नाही, साहेब.”

“मग जुन्या केबलवर परत जाऊ.”

“त्यात थोडा वेळ सगळंच बंद पडेल. वर ऑपरेशन चालू आहे आणि रक्तपेढीचे निरोप याच वाटेने जातात.”

साहेबांनी स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. “बसा. ऑपरेशनचं काही अडू देऊ नका, बाकी तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

वायरताईंनी पदर खोचला. पडदे चित्र मागताहेत का? मागत होते. पलीकडून कॅमेरे पाठवताहेत? पाठवत होते. मग मधल्या मध्ये गिळतंय कोण? त्यांनी इकडच्या राउटरचे आकडे काढले आणि बघतच राहिल्या. चित्र इथवर येत होतं. आलं की राउटर ते फेकून देत होता.

“अरे देवा!” त्यांनी कपाळावर हात मारला.

राउटरची एक खोड असते. एकाच वेळी अनेकांकडे पाठवायचं चित्र आलं की तो आधी बघतो, कॅमेऱ्याकडे परत जायचं झालं तर मी कुठल्या दाराने जाईन? त्याच दाराने आलं असेल तर घ्यायचं. दुसऱ्या दाराने आलं, तर कितीही खरं असो, बाहेर! एकच चित्र गोल गोल फिरत राहू नये म्हणून ही सावधगिरी. काल परतीचं दार वायरताईंनी नव्या केबलकडे वळवलं, पण त्या केबलला अशी चित्रं न्यायची मुभा द्यायला विसरल्या. चित्र बिचारं जुन्याच दाराने येऊन धक्के खात होतं. वरची बाई तरी वेगळं काय करत होती? खरी बातमी आली, पण ज्याच्या तोंडून आली त्याच्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. वायरताईंना स्वतःचा असा राग आला की गुडघ्याचं दुखणंही त्या विसरल्या.

त्यांनी इकडच्या टोकाला मुभा दिली. मग तिथूनच पलीकडच्या टोकाला. दोन्ही राउटरची ओळख पटली. फेकलेल्या चित्रांचा आकडा थांबला.

“झालं?” साहेबांनी विचारलं.

“आकडे तर झालं म्हणताहेत,” असं म्हणत वायरताई उठल्या आणि कठड्याला धरून जिना चढू लागल्या.

पडदा उजळला होता. नळ्यांच्या जंजाळात एक इवलासा जीव, बोटाएवढी पोटरी. नवरा तोंडावर हात ठेवून उभा होता. बाई मात्र पडद्याकडे संशयाने बघत होती. “हे आत्ताचं कशावरून?”

वायरताईंनी सिस्टरच्या टेबलावरचा फोन उचलून पलीकडे लावला. मग बाईला म्हणाल्या, “किती बोटं दाखवायला सांगू? तूच सांग.”

“चार.”

पेटीच्या काचेशी कुणा अनोळखी सिस्टरचा हात आला. चार बोटं. हात बाजूला झाला, तशी बाळाने पोटरी झाडली.

बाईच्या घशातून कसलासा आवाज निघाला. वायरताईंना तिच्याकडे बघवेना, म्हणून त्या पडद्याकडेच बघत राहिल्या. बघता बघता त्यांचेच डोळे भरले.

“ताई,” मागून बाई म्हणाली, “जरा सरका ना. मला दिसत नाहीये.”

वायरताई चटकन भिंतीकडे सरकल्या. पडद्यावरची नजर न काढता बाईने हात लांब केला, आणि नवऱ्याने त्यात पाण्याचा पेला दिला.