मोसाचा पाय

पोरीचं खरं नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. मापालेसानं पहिल्याच संध्याकाळी तिला मोसा म्हणायला सुरुवात केली. मोसा म्हणजे कृपा. परदेशातल्या कुठल्याशा सेवासंस्थेनं तिला दोन वर्षांसाठी लेसोथोच्या डोंगरात, आमच्या गावी पाठवलं होतं. शाळेत ती माझ्याबरोबर इंग्रजी शिकवायची आणि मापालेसाच्या अंगणातल्या गोल झोपडीत राहायची.

सुरुवातीला सगळ्या गावाची करमणूक झाली. झऱ्यावरून डोक्यावर बादली घेऊन आली की निम्मं पाणी तिच्याच अंगावर. मापालेसाची लेक पालेसा तिला चिडवायची, "पाणी आणतेस की आंघोळ उरकून येतेस?" पण भिंत शेणानं सारवायला, रानातली भाजी ओळखायला, कांबळं खांद्यावर घट्ट अडकवायला तिला शिकवलं ते पालेसानंच. दोघी एकाच ताटात मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आमची पापा, खायच्या, एकमेकींच्या केसांत तेल घालायच्या. मोसा तापानं पडली तेव्हा पालेसा तिच्या झोपडीत निजली. मोसा पुढं आजारी पडेनाशी झाली, शिव्यासुद्धा आमच्या भाषेत देऊ लागली, तेव्हा गावानं तिला आपलं म्हटलं.

पालेसाला दिवस गेले होते. नवरा सरहद्दीपलीकडं खाणीत. मोसा तिच्या पोटावर हात ठेवून सांगायची, वेळ आली की आमच्या ऑफिसची गाडी बोलावते, घोड्यावर बसून दवाखान्यात जायचं नाही.

वेळ आली ती बर्फ पडलेल्या आठवड्यात. सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत सुईणीनं हात टेकले. पोर आडवं आहे, म्हणाली. दवाखान्याची रुग्णगाडी नादुरुस्त होती. मोसा फोन घेऊन टेकडीवर पळाली, कारण रेंज तिथंच मिळायची. ऑफिसनं विचारलं, तुला काय झालंय? मला नाही, माझ्या बहिणीला, असं ती सांगत राहिली. गाडी फक्त स्वयंसेवकांसाठी असते, असं उत्तर आलं. रडत, धावत खाली येताना ती बर्फावरून घसरली. घोट्याचं हाड मोडलं. गुराख्यांनी तिला उचलून आणलं, आणि त्यांच्यातल्याच एकानं पुन्हा टेकडीवर जाऊन तिच्या फोनवरून तेवढंच कळवलं.

उन्हं उतरायच्या आत गाडी दारात उभी होती.

आत नर्स होती, स्ट्रेचर होतं, मागं एक अख्खी सीट मोकळी होती. ड्रायव्हर आमच्यातलाच, सेखोबे; वडीलधारा म्हणून सगळे त्याला न्ताते, म्हणजे बाबा, म्हणायचे. तोपर्यंत पालेसाचं ओरडणं थांबून नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. मोसानं नर्सला सांगितलं, आधी तिला घ्या. नर्स म्हणाली, नियमात बसत नाही. वाटेत तिला काही झालं तर जबाबदारी कुणाची? मोसा म्हणाली, मग मीही येत नाही. नर्सनं तिचा सुजलेला, काळानिळा पडलेला पाय पाहिला आणि थंडपणे सांगितलं, की आज उपचार झाले नाहीत तर हा पाय जन्मभर असाच राहील, आणि तू नियम मोडलास तर उद्याच्या विमानानं घरी जाशील.

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. मापालेसानं माझा हात धरला.

"मालिसेबो, काय म्हणतायत गं?"

"नेणार नाहीत म्हणतात."

"आणि ती काय म्हणते?"

मी मोसाकडं पाहिलं. ती आता पायाकडं बघत रडत होती.

मापालेसा सेखोबेकडं वळली. "न्ताते, तुझी लेक असती तर?"

तो मान खाली घालून पुटपुटला, "मे, आई, माझी नोकरी जाईल."

त्यांनी मोसाला उचलून आत ठेवलं. तिची पिशवी मोकळ्या सीटवर ठेवली. गाडी वळताना तिनं काचेवर हात टेकलेला मी पाहिला. थांबवा, असं म्हणालेलं मात्र ऐकलं नाही.

पुरुषांनी कांबळ्याची झोळी करून पालेसाला खांद्यावर घेतलं. नदीच्या उताराशी पोचले तेव्हा झोळी जड झाली, असं एकजण मला नंतर म्हणाला. तिथूनच ते माघारी फिरले. पोटातलं पोर पोटातच राहिलं. दोघांना एकाच खड्ड्यात ठेवलं.

मोसा कुबड्या घेऊन परत आली तेव्हा बर्फ वितळला होता. मापालेसानं चूल पेटवली, चहा केला, तिच्या पाठीशी उशी दिली. मोसाला शिव्या हव्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं. ती मोडक्या भाषेत सांगू लागली, की मी उतरायला हवं होतं, माझं चुकलं.

मापालेसानं तिच्या पायावरचं प्लास्टर बोटानं चाचपलं. "चांगलं बसवलंय हाड," ती म्हणाली. "तू गेलीस ते बरं केलंस. पाय वाकडा राहिला असता."

तेवढंच. मोसा ओंजळीत तोंड लपवून रडत राहिली आणि मापालेसा कोंबड्यांना दाणे टाकायला उठली.

पुढं मोसानं तिच्या देशात पैसे गोळा केले. गावात बाळंतपणाची खोली बांधायची, दारावर पालेसाचं नाव घालायचं. गावप्रमुखानं सभा बोलावली, सगळे खूश होते. मापालेसा शेवटी उभी राहिली. "खोली बांधा. तिचं नाव घालू नका. ती कुठं बाळंत झाली?"

खोली झाली. शिकलेली सुईण मात्र सरकारनं अजून दिलेली नाही. गावप्रमुखाची मक्याची पोती तिथं असतात.

मोसा मुदत संपेपर्यंत राहिली. चांगलं शिकवलं तिनं. माझ्या वर्गातली पोरं पहिल्यांदाच इंग्रजीत पास झाली. निरोपाला बकरा कापला, बायका नाचल्या. मापालेसाही नाचली, कारण घरात राहिलेल्या माणसाला तोंड पाडून निरोप देत नाहीत. मोसानं तिला मिठी मारली तेव्हा तिनंही पाठीवरून हात फिरवला.

मोसा शिकवायची त्या शाळेकडं मापालेसा त्यानंतर मात्र फिरकलेली नाही. पूर्वी रोज दुपारी यायची, माझ्याशी गप्पा मारत बसायची. आता कुणी विचारलं तर सांगते, गुडघे दुखतात. परवा मी तिला शेतात पाहिलं. एकटीच खुरपत होती, आणि गुडघ्यांना काही झालेलं दिसत नव्हतं.