कोरी बशी

टेलर मास्तरांची हयात शिलाई मशीनवर गेली आणि लेक निघाली शास्त्रज्ञ. तळ्याच्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक तंतू किती, हे ती शोधत होती. तिच्या प्रयोगशाळेत टेरिकॉट घालून जायला बंदी. कपड्याचा तंतू उडून पाण्यात पडला की सगळाच घोळ. हे ऐकल्यावर मास्तर गप्प बसतात होय! चांगलं घट्ट विणीचं सुती कापड आणलं, धुऊन आटवलं आणि तिथल्या सगळ्यांना पांढरे कोट शिवून दिले. कॉलरीला, खिशाला, बाहीच्या टोकाला निळी दुहेरी शिलाई. लेकीला कोट असा बसला की तिला वाटलं, बाबांनी आपली पाठच थोपटली.

काम किचकट होतं. काचेच्या बाटल्यांतून तळ्याचं पाणी आणायचं, बारीक छिद्रांच्या कागदातून गाळायचं आणि कागदावर उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. शेजारी एक बशी शुद्ध पाण्याची उघडी ठेवायची आणि तिचंही पाणी तसंच गाळायचं. तिला म्हणायचे कोरी बशी. तिच्यात काही सापडलं, तर ते तळ्यातलं नव्हे, खोलीतलं.

यंदा तळ्यात निळे तंतू सापडले, तेही रग्गड. तपासणीच्या यंत्राने सांगितलं, पॉलिएस्टर. तळ्याच्या वरच्या अंगाला कपडे धुण्याचा कारखाना होता. सगळ्यांची बोटं तिकडे वळली. अहवाल नगरपालिकेकडे गेला की कारखान्याला टाळं लागणार, हे उघड होतं. कोऱ्या बश्यांचे कागद मात्र झाकून कपाटात ठेवलेले. शेवटी बघू, शेवटी बघू म्हणत राहूनच गेले होते.

अहवालावर सही करण्याआधी लेकीने ते काढले. पहिला कागद भिंगाखाली धरला. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला.

"लंबू, इकडे ये."

लंबू म्हणजे तिचा सहकारी, दारातून वाकून येणारा. त्याने डोळा लावला. "निळे? कोऱ्या बशीत?"

"तेच, तसेच."

"मग कारखाना रोज रात्री इथे येऊन पाणी पितो की काय?"

तिला हसू आलं नाही. कागद सरकवायला तिने हात पुढे केला आणि बाहीचं टोक भिंगाखाली आलं. निळ्या शिलाईचे पिंजलेले टोकदार केस दोरखंडाएवढे दिसले. ती बघतच राहिली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," लंबू हळूच म्हणाला. "सुतावरून स्वर्ग गाठायला निघालो होतो ताई आपण, आणि सूत आपल्याच बाहीचं!"

अहवाल थांबला. मोसमभराच्या कामावर पाणी पडलं, त्याहून बाबांना सांगायचं कसं, हे तिला जड जात होतं.

संध्याकाळी मास्तर मशीनला तेल देत होते. तिने बश्यांचं, कारखान्याचं सगळं सांगितलं आणि कोट पुढ्यात ठेवला. "बाबा, कापड सुती. दोरा कुठला?"

मास्तरांनी रिळातला तुकडा तोडून काडी लावली. सुती दोऱ्याची राख होते. याचा प्लास्टिकसारखा आक्रसून काळा मणी झाला. त्यांनी तो बोटांत दाबून पाहिला. मग रीळ बाजूला सारलं.

"सुती दोरा मशीनवर पटापट तुटतो गं. सगळा बाजार हाच वापरतो. तू कापडाचं विचारलंस, मी कापडाचं बघितलं."

"मला तरी कुठे सुचलं दोऱ्याचं विचारायला?"

"म्हणजे बापलेक दोघंही सारखीच शहाणी." त्यांनी चष्मा पुसला. "त्या कारखान्यावर आळ आला असता ना माझ्या टाक्यांपायी?"

"आला असता."

"आण सगळे कोट. आणि तुझ्या त्या लंबूला सांग, आता वाकताना ओढूनताणून फाडू नकोस म्हणावं, सुती शिलाई नाजूक असते."

कोट उसवले, पांढऱ्या सुती दोऱ्याने पुन्हा शिवले. प्रत्येक ठिकाणचं अर्धं पाणी राखीव बाटल्यांत होतंच. ते नव्याने गाळलं आणि या खेपेला कोऱ्या बश्या आधी पाहिल्या. स्वच्छ. मग तळ्याचं पाणी पाहिलं. निळे तंतू गायब. हिरवे काही होते, होड्यांच्या दोरांचे. बाटल्या-पिशव्यांचा भुगा होता. पहिल्यापेक्षा कितीतरी कमी.

"मोठी बातमी गेली हातची," लंबू म्हणाला.

"जाऊ दे. पाणी कमी घाण निघालं, तेवढं बरं."

घरी मास्तर वाटच बघत होते. "काय निघालं?"

"घाण आहेच बाबा. पण आपली नाही, आणि वाटली होती तेवढीही नाही."

"आणि त्या कारखान्याची?"

"त्याचं काही सापडलं नाही. होडीवाल्यांशी दोरांचं बोलायचं ठरलंय."

"मग मीही येतो उद्या," मास्तर म्हणाले. "दोऱ्याचं आता मला बरंच कळायला लागलंय."

लेक खळखळून हसली आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर टेकून कागद काढून बसली, होडीवाल्यांना काय काय विचारायचं ते ठरवायला.