दोर सुटेपर्यंत

वाणगावच्या अलीकडच्या पाड्यावर एक छोटं चर्च होतं. तिथल्या पंथाला पेटी-तबला वर्ज्य, त्यामुळे गायनमंडळी नुसत्या गळ्यावर, चार सुरांत गायची. मयत खड्ड्यात उतरताना चारही सूर लागलेच पाहिजेत, नाहीतर माणूस नुसता पुरल्यासारखा. सगळ्यात खालचा जाड सूर बुधाचा. त्याची बायको ठकी शहात्तरच्या उन्हाळ्यात तापाने गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मला मुकी नको पुरू."

तेव्हा आणीबाणी होती. पाच माणसं एकत्र दिसली की जमाव. मंडळी चौघाचौघांनी वेगवेगळ्या झोपड्यांत प्रार्थना करायची. देवाला फेऱ्या पडत होत्या, पण त्याने तक्रार केली नाही.

मयताला चौघंच निघाली: बुधा, त्याची बहीण नवसी, जिवल्या आणि आनंदा. चार खांदे, चार सूर. खड्ड्यापाशी हवालदार नामदेव उभा होता.

"पाच झाले."

"चारच हाव आमी, साहेब," जिवल्या म्हणाला.

"आन् ही?"

"ती मेलीय."

"ग्रामसेवकानं नोंद केली? नाय ना? मंग सरकारच्या हिशोबी ठकी जिवंत हाय. एक जण कमी करा."

बुधाला वाटलं, ही बातमी ठकीला सांगावी.

"मीच जातो," तो म्हणाला. "माझा आवाज लांबून पोचतो." दोन शेतं ओलांडून तो बांधावर जाऊन उभा राहिला.

पण दोराची टोकं चार आणि धरणारी तिघं. "साहेब, तुमी धरा की," नवसी म्हणाली. "तुमी सरकार. तुमाला कोन जमावात मोजतो?"

नामदेवला हे पटलं. काठी खाली ठेवून त्याने दोर दोन्ही हातांना गुंडाळला.

गाणं सुरू झालं. बांधावरून बुधाचा सूर आला आणि बाकीच्या सुरांखाली जाऊन बसला.

"ए! गप!" नामदेव ओरडला. "आवाज मिसळला की जमावच! उचलून नेईन!"

पण दोर सोडला असता तर ठकी डोक्यावर पडली असती. हे बुधाने पाहिलं आणि आवाज आणखी मोकळा सोडला. नवसीनेही पाहिलं. तिने दोर बोट-बोट सोडायला घेतला.

"लवकर सोडा रे!"

"जड हाय ती, साहेब," जिवल्या म्हणाला. तापाने ठकीची काटकी झाली होती.

शेवटचं कडवं संपलं तेव्हाच तिची पाठ तळाला टेकली. नामदेवने हात पुसले, काठी उचलली आणि शेतं ओलांडून बांधावर आला. बुधाने स्वतःच हात पुढे केले.

"एक मूठ माती टाकून येऊ? बायको हाय माझी."

नामदेवने वळून मोजलं. "तिथं ठकीसकट चार हायत. तू गेलास की परत पाच," असं म्हणून त्याने बुधाला बोईसरच्या पोलीस ठाण्याच्या रस्त्याला लावलं.