मधल्या भिंतीवरची तांबडी रेघ

आपण पिवळ्या रंगात राहतो हे मुक्ताबाईला कळलं ते वरच्या मजल्यावरच्या टिपणीसांकडून. तेही जिन्यात, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"पिवळा रंग म्हणजे निवासी विभाग," टिपणीस म्हणाले. "निवासी म्हणजे फक्त राहण्यासाठी. नवे नियम लागू झाले की तुमचा हा मसाला कुटायचा डंख बंद!"

"राहायलोच की आमी," मुक्ताबाई म्हणाली. "म्या बी राहायले, डंख बी राहायलाय."

जिन्यात कोणीतरी फिसकन हसलं. टिपणीस आणखी लाल झाले.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. भाईंदर पूर्वेला कालपरवापर्यंत जिथं भातशेती होती, तिथं इमारती एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहत होत्या. कुठं राहायचं, कुठं कारखाने काढायचे, कुठं मैदानं ठेवायची, याचा नवा आराखडा लोकांपुढं आला होता. नकाशात घरांना पिवळा रंग, कारखान्यांना जांभळा, मैदानांना हिरवा. ज्याची काही हरकत किंवा सूचना असेल त्यानं लेखी कळवावी, मग सुनावणी होईल, अशी जाहिरात पेपरात आली होती. ती वाचून भाईंदरमध्ये सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल तर तो टिपणीसांना.

विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी होते. आडनावाला जागून ते प्रत्येक गोष्टीचं टिपण काढत. कोणी गॅलरीत गादी वाळत घातली, कोणी जिन्यात सायकल लावली, की दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस. त्यांचा सगळ्यात जुना शत्रू म्हणजे मुक्ताबाईचा डंख.

मुक्ताबाई मूळची जालन्याकडची. नवरा तात्याराव पोस्टात लागले तसं बिऱ्हाड मुंबईला आलं. तिथं जागा परवडेना, म्हणून खारी गावाच्या कडेला एका नव्या इमारतीत, तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पुढची खोली रस्त्याला लागून, मागं स्वयंपाकघर. मुलं मोठी होऊन आपापल्या कामाला लागली, तेव्हा तिनं पुढच्या खोलीत मसाला कुटायचा डंख बसवला. विजेवर चालणारी दोन लोखंडी मुसळं, एक वर गेलं की दुसरं उखळात पडणार, धाड-धाड, धाड-धाड.

"शेजारी बोंबलतील," तात्याराव म्हणाले होते.

"बोंबलून दमले की मसाला न्यायला येतील," मुक्ताबाई म्हणाली होती.

आणि आले. खारीच्या आगरी बायका आल्या, कोकणातल्या आल्या, ख्रिस्ती बायका बाटल्या भरून ठेवायचा त्यांचा मसाला घेऊन आल्या, पलीकडच्या गल्लीतल्या गुजराती बायका धणे-जिरे घेऊन आल्या. मुक्ताबाई हिंदीत बोलायची, पण तिच्या हिंदीला जालन्याचा ठसका होता. "भाभी, मिरची धूप में डाली नै वाटतं, नरम लागरी." तिचं स्वतःचं येसर, म्हणजे आमटीत घालायचा मराठवाडी मसाला, तर मीरा रोडपर्यंत जायचं. एकटे टिपणीस तेवढे कधी पायरी चढले नाहीत. त्यांची बायको सुलूताई मात्र ते दुपारी झोपले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची. वर जाताना तीच पिशवी लालभडक होऊन जायची. टिपणीस रात्री जेवताना म्हणायचे, "आमटी फक्कड झालीय," आणि वर पुन्हा त्या डंखाला शिव्या घालायचे.

हरकतीचा कागद टिपणीसांनी आठवडाभर खपून तयार केला. मुक्ताबाईला सुनावणीची नोटीस आली तेव्हा तात्याराव घाबरले. आयुष्यभर सरकारी शिक्क्याला मान दिलेला माणूस.

"हाटकेशला गाळा बघू," ते म्हणाले. "तिकडं कारखानेच हायेत. तिथं कोणी काय म्हणणार न्हाई."

"आन् बायांनी मिरच्यांचे डबे डोक्यावर घिऊन हाटकेशला कामून जावं? मसाला कुटायचा म्हणून काय गाव सोडायचं?"

पण मनातून तीही हलली होती. डंख बंद झाला तर दिवस कसा जाईल, हे तिच्या डोळ्यांपुढं येत होतं. त्या पुढच्या खोलीत नुसत्या मिरच्या कुटल्या जात नव्हत्या. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या पोराला नोकरी लागली, सगळं तिथंच कळायचं.

तिनं रुक्मिणीला गाठलं. रुक्मिणी खारीतली जुनी जमीनवाली. ही इमारत उभी होती ती तिच्याच जागेवर. बिल्डरनं तिला त्या बदल्यात दुसऱ्या मजल्यावर घर दिलं होतं आणि तिथं तिचा जीव रमत नव्हता. कुठंही जायचं म्हटलं की ती पदर खोचून तयार.

"चल गो, नकशा बघू," रुक्मिणी म्हणाली. "माझे जमिनीला कोनता रंग दिलाय, माला पन बघूचा हाय."

कचेरीत भिंतीभर नकाशा लावला होता. समोर गर्दी. प्रत्येक जण आपलं घर शोधत होता आणि ते सापडलं की हरवल्यासारखा चेहरा करत होता. कुलकर्णी नावाचा एक तरुण इंजिनियर काठी घेऊन सगळ्यांना समजावून सांगत होता. त्याचा घसा बसला होता.

मुक्ताबाईला त्या रंगांतलं काही कळेना. रुक्मिणीनं मात्र नाक नकाशाला टेकवलं आणि बोट ठेवलं. "ही आमची पान्याची बाव. आन् हा वड. मंग यो माझा जुना घर."

"बरोबर, मावशी," कुलकर्णी म्हणाला. "ही तांबडी रेघ दिसते ना, ती गावठाणाची हद्द. रेघेच्या आत जुनं गाव. तिथं कांडप, गिरणी, सुतारकाम, जे घरगुती उद्योग गावात पूर्वापार चालत आलेत ते चालतील. रेघेच्या बाहेर पिवळा पट्टा, तिथं नाही चालणार."

"आन् आमची बिल्डिंग?" मुक्ताबाईनं विचारलं.

त्यानं मोजमाप काढलं, पट्टी लावली, आणि कपाळाला आठ्या घातल्या. इमारतीचा मागचा भाग रुक्मिणीच्या जुन्या घराच्या जागेवर होता, पुढचा तिच्या भाताच्या शेतात. तांबडी रेघ मुक्ताबाईच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवरून सरळ गेली होती.

"म्हणजे बसायची खोली पिवळ्यात," तो म्हणाला, "आणि स्वयंपाकघर गावठाणात."

रुक्मिणीला हसू फुटलं. "तू गो माझे शेतान डंख लावलास! घरान लाव, घरान!"

मुक्ताबाई हसली नाही. ती त्या रेघेकडं बघत राहिली. स्वयंपाकघराच्या बरोबर वर टिपणीसांची निजायची खोली होती.

सुनावणीच्या दिवशी टिपणीस इस्त्रीचा सदरा घालून आले. समोर टेबलाशी एक वयस्कर अधिकारी आणि शेजारी कुलकर्णी. टिपणीसांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. नागरिकांची झोप, ज्येष्ठांचं आरोग्य, हवेत तरंगणारे तिखटाचे कण, असं करत ते प्राचीन नगररचनेपर्यंत पोचले. अधिकाऱ्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"बाई, तुमचं काय म्हणणं?"

ही आता भांडणार, असं मागं बसलेल्या तात्यारावांना वाटलं. मुक्ताबाई उठली आणि हात जोडले.

"टिपणीसभाऊ म्हणतेत ते सोळा आणे खरं हाय, साहेब. पुढच्या खोलीत डंख नगं. म्या आजच काढते."

टिपणीसांचं पुढचं पान हातातच राहिलं. त्यांनी उत्तराला उत्तर म्हणून आणखी पाच मुद्दे आणले होते.

"फकस्त एक इचारते," मुक्ताबाई पुढं म्हणाली. "रेघेच्या आत, गावठाणात नेला तर भाऊंची काय हरकत हाय का?"

टिपणीसांना ती कुठंतरी खारीच्या आतल्या गल्लीत जागा बघणार असं वाटलं. विजयी माणूस उदार होतो. "छे छे! गावठाणात खुशाल चालवा. दिवसभर चालवा! मीच शिफारस करतो."

"तसं लिवून द्याल का, भाऊ? तुमचं अक्षर लई चांगलंय."

टिपणीसांच्या अक्षराची स्तुती आयुष्यात कोणी केली नव्हती. त्यांनी तिथल्या तिथं लिहून दिलं आणि खाली लपेटेदार सही केली. कुलकर्णीला अचानक खोकल्याची उबळ आली, तो तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार हमाल आले. टिपणीस गॅलरीतून समाधानानं बघत होते. डंख आता टेम्पोत चढेल, मग वळणावरून दिसेनासा होईल. हमालांनी तो उचलला, वळवला आणि आत नेला. टिपणीस वाट बघत राहिले. टेम्पो आलाच नाही. थोड्या वेळानं हमाल रिकाम्या हातांनी घाम पुसत बाहेर आले.

दुपारी टिपणीस नेहमीप्रमाणे आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच त्यांची कॉट थरथरली. मग कपाटावरची चांदीची वाटी सरकत सरकत कडेला आली आणि खाली पडली. खिडकीतून, अगदी उशाशी, संकेश्वरी मिरचीचा झणका वर आला. टिपणीस शिंकले, उठून बसले, आणि पुन्हा शिंकले.

ते तसेच बनियनवर खाली धावले आणि मागच्या खिडकीशी आले. मुक्ताबाई स्वयंपाकघरात उखळात हळकुंडं घालत होती.

"हे काय चालवलंय?"

"गावठाण हाय, भाऊ," ती म्हणाली. "तुमीच लिवून दिलंय, दिवसभर चालवा म्हणून. तसा म्या मधी जेवणाला थांबते."

टिपणीस कचेरीत गेले. कुलकर्णीनं त्यांना नकाशा दाखवला, मग त्यांचाच कागद दाखवला, आणि चहा मागवला. यापलीकडं त्याच्या हातात काही नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस टिपणीस चटई घेऊन घरभर फिरले. गॅलरीत झोपून पाहिलं, न्हाणीघरासमोरच्या बोळात झोपून पाहिलं. सुलूताईचीही पंचाईत झाली. नवरा आता दुपारचा झोपतच नसल्यानं पिशवी खाली सोडायची सोय राहिली नव्हती. दोन वेळा फिकी आमटी जेवल्यावर टिपणीसांनी विचारलं, "हल्ली तुझ्या हाताची चव गेली का गं?" सुलूताईनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांना एकदम सगळं समजलं.

पण खरं सांगायचं तर खाली मुक्ताबाईचंही सुखात चाललं नव्हतं. चूल पुढच्या खोलीत आली होती. ती भाकरी थापायला बसली की रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण तव्यात डोकावायचा. तात्यारावांना उघड्या दारात जेवायची लाज वाटायची. ते दाराकडं पाठ करून बसत, तरी पोस्टातला कोणीतरी ओळखीचा हाक मारायचाच, "काय तात्या, आज पिठलं?" आणि आतल्या खोलीत वारा नसल्यानं तिचे स्वतःचे डोळे दिवसभर झरत. बायका डबा ठेवून पळ काढत. गप्पा बंद. खोडी काढली होती टिपणीसांची, पण अर्धी स्वतःलाच लागली होती.

"आता बास कर," तात्याराव एकदा म्हणाले. "माणूस वाळला बघ."

"म्या कुटं न्हाई म्हणते? पण त्यानं म्हणाया पायजे."

टिपणीस रविवारी सकाळी आले. पहिल्यांदाच पायरी चढले. तव्याच्या शेजारी मुक्ताबाईनं त्यांना पाट दिला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, घसा साफ केला.

"मुक्ताबाई, तो... तो डंख पुढच्या खोलीत जास्त शोभत होता."

"व्हय. पण पुढची खोली पिवळी हाय. नियम म्हंजे नियम, भाऊ."

"नियम अजून पक्के कुठं झालेत? अजून नुसता आराखडा आहे. सूचना घेण्याची मुदतही वाढवलीय." त्यांच्या आवाजात जुना उत्साह परत आला. "निवासी विभागातसुद्धा, तळमजल्यावर, रस्त्याकडं तोंड असलेल्या खोलीत, घरगुती मसाला कांडपाला परवानगी असावी. अशी सूचना दिली तर?"

"कोण देणार?"

"मी देतो."

मुक्ताबाईनं पुढ्यातली भाकरी उलटली आणि पदरानं तोंड पुसल्यासारखं करून हसू लपवलं. "मग माजं बी दोन शब्द लिवा. मुसळांखाली जाड रबर टाकते. आन् दुपारच्याला तुमची झोप हुईस्तोवर चालवत न्हाई."

दुसऱ्या सुनावणीला टिपणीस तोच इस्त्रीचा सदरा घालून गेले. स्त्रियांचा स्वावलंबी उद्योग, ताज्या मसाल्याचे आरोग्यावर होणारे सुपरिणाम, शेजारधर्म, सगळं तितक्याच गंभीरपणे वाचलं. अधिकाऱ्यांनी मागची फाइल उघडली, नाव बघितलं, आजचा कागद बघितला, पुन्हा नाव बघितलं.

"आपण तेच टिपणीस ना?"

"माणसानं अभ्यास वाढवला की मतं बदलतात, साहेब," टिपणीस म्हणाले.

सूचना नोंदवून घेतली गेली. आराखडा मंजूर व्हायला मग काही वर्षं गेली. डंखाला त्याच आठवड्यात हमालांनी पुढं आणून ठेवलं आणि रेघेवरून त्याला परत कोणी हटकलं नाही. शेवटी छापील नियम आले तेव्हा घरगुती कांडपाला निवासी भागात मुभा होती. ती टिपणीसांमुळं मिळाली की आणखी कोणी मागितली होती म्हणून, देव जाणे. टिपणीसांनी मात्र ते कलम आपलंच मानलं. मुक्ताबाईनं ते त्यांना मानू दिलं.

त्याचा परिणाम एवढाच झाला की हरकती लिहून घ्यायला लोक टिपणीसांकडं येऊ लागले. वर सुलूताई कोणाला टिकू देईना. मग त्यांनी मुक्ताबाईच्या दाराशी खुर्ची टाकली. मिरच्या घेऊन आलेल्या बायका आणि अर्ज घेऊन आलेले पुरुष एकाच ओळीत उभे राहत. टिपणीस प्रत्येक अर्ज मोठ्यानं वाचून दाखवत, आणि ऐकायला मुक्ताबाईच समोर असायची.

"मला ह्याचा त्रास व्हायला, ह्याची हरकत कुटं घ्यायची?" तिनं रुक्मिणीला विचारलं.

"तू माला कशाला इचारतंस?" रुक्मिणी म्हणाली. "बटन तुझेच हाताशी हाय न्हाय का?"

तेव्हापासून टिपणीसांचं वाचन दुसऱ्या पानावर गेलं की मुक्ताबाई मूठभर धणे उखळात टाकते आणि बटण दाबते.